शंभर किलोच्या बाईला पाच मिनिटांपासून सुरुवात करू द्या

दवाखान्याच्या चिठ्ठीवर गोळीचे नाव असते. ती सकाळी घ्यायची की रात्री, जेवणाआधी की जेवणानंतर, किती दिवस, हे सगळे असते. त्याच चिठ्ठीच्या तळाशी घाईघाईने लिहिलेले असते : वजन कमी करा, व्यायाम करा. कोणता व्यायाम, किती वेळ, कुठे, कोणत्या चपला घालून, गुडघा दुखला तर काय, यातले एक अक्षर नसते. गोळीला डोस असतो आणि व्यायामाला नसतो, असे कसे? आम्ही वॉर्डात नोकरी केली आणि आता वस्त्यांमध्ये काम करतो. आमचे स्पष्ट मत असे की ज्या माणसाचे वजन शंभराच्या आसपास किंवा त्याच्याही वर आहे, त्याला डोस न सांगता नुसते "व्यायाम करा" म्हणणे म्हणजे त्याला हात हलवत परत पाठवणे.

मग काय होते? बाई ठरवते की उद्यापासून चालायचे. पहिल्या दिवशी ती एकदम यवतमाळ रोडपर्यंत जाऊन येते, कारण शेजारीण रोज तेवढे चालते. दुसऱ्या दिवशी गुडघे सुजतात, मांड्या घासून सोलल्या जातात, दम लागून छाती भरून येते. तिसऱ्या दिवशी ती घरीच. आणि वस्ती म्हणते, "आळशी हाये, तिच्याच्यानं काही होत नाही." या बाईच्या पायात आळस नव्हता. तिला डोस चुकीचा मिळाला होता. नव्या रुग्णाला पहिल्याच दिवशी कोणी दहापट गोळी देत नाही.

हसणाऱ्यांविषयीही बोलले पाहिजे. वस्तीत आम्ही विचारतो तेव्हा गुडघेदुखीच्या आधी हेच कारण पुढे येते. "बाई, मले चालाले लाज वाटते. पोट्टे हासतात." सावंगी (मेघे) आता दवाखान्याचे गाव झाले आहे. 1990 साली इथे वैद्यकीय महाविद्यालय आले आणि शेतीचे गाव हॉस्टेल, खानावळी आणि औषधांच्या दुकानांनी भरून गेले. पहाटे रस्त्यावर ट्रॅक पँट घातलेली शिकणारी मुले-मुली आणि साहेब लोक चालतात, त्यांना कोणी हसत नाही. त्याच रस्त्यावर आपली एखादी मावशी पातळ सावरत, हळूहळू चालू लागली की नाक्यावर शेरे सुरू. व्यायाम हा शिकलेल्यांचा आणि पैसेवाल्यांचा, आपण फक्त कष्ट करायचे, हे आपल्याही डोक्यात पक्के बसले आहे. लठ्ठ माणूस म्हणजे खाऊन-पिऊन सुस्त झालेला शेटजी, ही जुनी समजूतही तिथूनच आली. ती आता खरी राहिलेली नाही. 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकी 24 टक्के जास्त वजनाच्या आढळल्या. त्याच पाहणीत 57 टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. म्हणजे अंगाने भारी आणि रक्ताने कमी अशी एकच बाई दोन्ही यादीत असू शकते, आणि ती बाई आपल्या वस्तीत घरोघर सापडते.

हे वजन आले कुठून, याचे एक उत्तर पुण्यात मिळाले. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील आया आणि त्यांची बाळे यांचा अभ्यास केला. आपली बाळे जन्मतः वजनाने कमी असतात, पण त्या लहानशा शरीरातही स्नायू कमी आणि चरबीचे प्रमाण जास्त असते, असे त्यांना दिसले. आईच्या पोटात अन्न कमी पडले की बाळाचे शरीर जणू दुष्काळाची तयारी करूनच जन्माला येते. 2004 मध्ये डॉ. याज्ञिकांनी 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचा आणि डॉ. युडकिन या इंग्रज सहकाऱ्याचा फोटो शेजारी शेजारी छापला. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच होते, पण एकाच्या अंगात 9 टक्के चरबी आणि आपल्या माणसाच्या अंगात 21 टक्के. ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या आयांनी सगळ्यांना वाढून उरले तर खाल्ले, त्या घरांना हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. नातीच्या कमरेवरच्या चरबीत आजीची उपासमार आहे. म्हणून आपल्याकडे धोक्याची रेघही अलीकडे ओढलेली आहे : बाईची कंबर 80 सेंटिमीटरच्या वर आणि पुरुषाची 90 च्या वर गेली की साखर आणि रक्तदाब तपासून घ्यायचा.

त्यात ताट बदलले. आपल्या आज्या ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी आणि जवसाची चटणी खाऊन दिवसभर निंदण करत, कापूस वेचत. आता रेशनवर गहू आणि तांदूळ मिळतो. तो मिळालाच पाहिजे, त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण ताटात डाळ एक पळी आणि भाताचा डोंगर अशी वाटणी झाली आहे. काम बदलले तेही अर्धवट. फरशी पुसणारी, भांडी घासणारी बाई दिवसभर उभी राहते, वाकते, कंबर मोडून घेते, पण सलग दहा मिनिटे झपाट्याने चालत नाही. "आम्ही दिवसभर राबतो, तोच आमचा व्यायाम" हे म्हणणे म्हणूनच अर्धे खरे आहे. राबण्याने शरीर थकते, पण दम वाढेलच असे नाही. बाबासाहेब 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खाते सांभाळत होते. 1946 च्या कारखाना दुरुस्ती कायद्याने कामगारांचा आठवडा 54 तासांवरून 48 तासांवर आला. आपल्या धुणीभांडीवाल्या बाईला आणि ठेकेदाराच्या सफाई कामगाराला ते 48 तासही अजून कोणी मोजून दिलेले नाहीत. तिला "वेळ काढा" म्हणणाऱ्याने ती किती वाजता उठते हे आधी विचारावे.

आता डोस.

पहिला आठवडा : पाच मिनिटे चालणे, दिवसातून तीन वेळा. घराच्या दारातून निघायचे, अडीच मिनिटे जायचे आणि परत फिरायचे. घर जवळ असले की दम लागण्याची भीती निम्मी होते. एवढ्याने काय होणार, असे घरचे म्हणतील. म्हणू द्या. पूर्वी सांगत की सलग दहा मिनिटांपेक्षा कमी चालणे धरायचे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 च्या मार्गदर्शनातून ती अट काढून टाकली. तुकड्यातुकड्याने केलेले सगळे धरले जाते. दुसऱ्या आठवड्यात प्रत्येक खेपेला एक मिनिट वाढवा, मग पुढच्या आठवड्यात आणखी एक. ज्या आठवड्यात गुडघा कुरकुरेल त्या आठवड्यात वाढवू नका, पण बंदही करू नका. अशा गतीने दोन-तीन महिन्यांत दिवसाला तुकड्यांचा मिळून अर्धा तास होतो. आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास म्हणजे 150 मिनिटे, आणि संघटनेचे किमान माप तेवढेच आहे. 10 हजार पावलांचे जे सगळीकडे ऐकू येते ते 1965 च्या सुमारास जपानमध्ये पावले मोजणारे यंत्र विकायला निघाले तेव्हाचे नाव आहे, वैद्यकाचा नियम नव्हे. मोबाईलमधला आकडा बघून कोणी रडू नये.

वेग कसा ओळखायचा? चालताना बोलता आले पाहिजे, गाणे म्हणता येऊ नये. बोलणेही तुटत असेल तर वेग कमी करा. भीमगीत सुरात म्हणता येत असेल तर थोडा वाढवा.

चालण्याइतकेच महत्त्वाचे आहे उठणे-बसणे. ओट्यावर, खाटेवर किंवा मजबूत बाकावर बसायचे, हाताचा आधार घेऊन उभे राहायचे, पुन्हा सावकाश बसायचे. पाच वेळा. प्लॅस्टिकच्या खुर्चीवर हे करू नका. तिचे पाय फाकून पडलेल्या बायका आम्ही टाके घालायला आलेल्या पाहिल्या आहेत. दुसरे, भिंतीला दोन्ही तळवे लावून छाती भिंतीकडे नेणे आणि परत आणणे. मांडीत आणि खांद्यात जोर आला की गुडघ्याचा भार हलका होतो. वजनाचा आणि गुडघ्याचा हिशेबही ऐकण्यासारखा आहे. एक किलो वजन उतरले की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो. हजार पावले चाललात तर चार हजार किलो वाचले.

मांड्या घासतात त्यावर उपाय साधा आहे. पातळाच्या किंवा गाऊनच्या आत गुडघ्यापर्यंतची सुती चड्डी घालावी आणि मांड्यांच्या आत खोबरेल तेल लावावे. पायात स्लीपर नको, टाच धरून ठेवणारे कॅनव्हासचे बूट हवेत. पातळावर बूट शोभत नाहीत म्हणणाऱ्यांना तुमचे गुडघे सांभाळायला बोलवा. ज्यांना साखरेचा आजार आहे त्यांनी अनवाणी अजिबात चालू नये आणि रोज रात्री तळपाय दिव्याखाली बघावेत. पायाची जाणीव कमी झालेली असते. खडा टोचला तरी कळत नाही, आणि जखम कळते तेव्हा उशीर झालेला असतो. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशी पोटी लांब चालू नये आणि पदराला गूळ किंवा साखरेची पुडी बांधून ठेवावी. हातपाय थरथरले, घाम फुटला की ती लगेच तोंडात टाकावी.

आणखी एक गोष्ट बायका आमच्या कानात सांगतात. चालताना, शिंकताना लघवी थेंब थेंब गळते. दोन-तीन बाळंतपणे झालेल्या, वजनाने भारी असलेल्या कितीतरी बायका याच कारणाने चालणे सोडतात आणि घरी सांगतात की पाय दुखतो. हा आजार आहे, पाप नव्हे, आणि त्याला व्यायाम आहे. लघवी अडवताना जी जागा आवळली जाते ती पाच आकडे मोजेपर्यंत आवळून धरा, सोडा, असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. प्रत्यक्ष लघवी करताना मात्र असे अडवू नका. भाकर थापता थापताही हे करता येते आणि कोणाला कळत नाही. फरक पडायला दोन-तीन महिने लागतात. तोपर्यंत घडी घातलेले कापड लावा आणि चाला.

सुरू करण्याआधी एकदा तपासणी हवीच. आशाताईंना सांगा. 30 वर्षांवरील प्रत्येकाची साखर आणि रक्तदाब आयुष्मान आरोग्य मंदिरात फुकट तपासतात. हिमोग्लोबिनही बघून घ्या. कित्येकदा ज्याला आपण वजनाचा दम म्हणतो तो रक्त कमी असल्याचा दम असतो. रक्तदाब मोजताना दंड जाड असेल तर मोठा पट्टा मागा. जाड दंडाला लहान पट्टा गुंडाळला की आकडा खऱ्यापेक्षा जास्त येतो आणि नसलेल्या आजाराची गोळी सुरू होऊ शकते. मोठा पट्टा नाही म्हणाले तर कुठे आहे ते विचारा. विचारायला लाजू नका, तो तुमचा हक्क आहे. चालताना छातीत दाब आला, डावा हात किंवा जबडा दुखला, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर तिथेच थांबायचे आणि घरी न जाता सरळ दवाखाना गाठायचा.

आपल्या समाजाने सिकलसेलचे नाव विसरून चालणार नाही. विदर्भात हा आजार आदिवासी आणि आपल्या बौद्ध समाजात मोठ्या प्रमाणावर आहे. 1 जुलै 2023 ला केंद्र सरकारने त्याच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियानही सुरू केले. ज्यांचा अहवाल एसएस आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय दमाचा व्यायाम करू नये. पाणी कमी पडले आणि दम जास्त लागला की दुखण्याचा झटका येऊ शकतो. एएस म्हणजे वाहक असलेल्यांना चालण्याची मनाई नाही, पण उन्हात आणि तहानलेल्या अंगाने जोर लावायचा नाही. वर्ध्याचा मे महिना आपण जाणतो, पारा 45 च्या घरात. त्या दिवसांत सकाळी सहाच्या आत किंवा रात्री जेवणाआधी, नाहीतर घरातल्या घरात. जड शरीरातली उष्णता लवकर बाहेर पडत नाही.

आणि खाणे? व्यायाम करून सगळे वजन उतरेल असे आम्ही कोणाला सांगत नाही, कारण ते खोटे आहे. अर्धा तास चालून जे जळते ते एक-दोन आलूबोंड्यांत परत येते. उपास मात्र नको. आधी चहाचा हिशेब करा. दिवसाला पाच कप आणि कपात दोन चमचे म्हणजे साधारण 50 ग्रॅम साखर, महिन्याला दीड किलो. ही साखर एकाच माणसाच्या पोटात जाते. निम्मी करून बघा. भाताचा एक वाढा कमी, डाळीची एक पळी जास्त, तेलाची बाटली महिन्यात किती दिवस पुरते यावर नजर.

संयुत्त निकायात कोसलचा राजा पसेनदी याची गोष्ट आहे. तो द्रोणभर तांदळाचा भात जेवायचा. एकदा तसाच जेवून, धापा टाकत तो भगवंतांना भेटायला आला. भगवंतांनी त्याची अवस्था पाहिली आणि त्याला मात्रेने जेवण्याविषयी एक गाथा सांगितली. राजाने सुदर्शन नावाच्या तरुणाला ती पाठ करायला लावली, रोज जेवणाच्या वेळी ती म्हणण्याचे काम दिले आणि त्याबद्दल त्याला रोज शंभर कार्षापण देऊ केले. हळूहळू राजाचा आहार नाळीभर भातावर आला, शरीर सडपातळ झाले आणि तो भगवंतांचे उपकार मानू लागला. प्रवचनात ही गोष्ट संयमासाठी सांगतात. आम्ही नर्सच्या नजरेने वाचतो तेव्हा वेगळेच दिसते. धापा टाकणाऱ्या माणसाला कोणी हसले नाही. आहार एका दिवसात तोडला नाही, हळूहळू उतरवला. आणि रोज आठवण करून द्यायला शेजारी एक माणूस ठेवला. राजालासुद्धा सोबत लागली, तर आपल्या मावशीला का लागू नये? तिच्याकडे शंभर कार्षापण नाहीत, पण शेजारीण आहे. दोघी-तिघींनी मिळून निघायचे. एकीने दांडी मारली की दुसरीने दार वाजवायचे.

वजनकाटा हलत नाही म्हणून तिसऱ्या आठवड्यात सोडणाऱ्यांसाठी चेन्नईचा दाखला आहे. डॉ. रामचंद्रन यांच्या पथकाने साखरेच्या उंबरठ्यावर असलेल्या 531 जणांवर केलेला अभ्यास 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांनी चालणे आणि खाण्याची शिस्त तीन वर्षे पाळली त्यांच्यात मधुमेह होण्याचे प्रमाण साधारण 28 टक्क्यांनी कमी राहिले, आणि गंमत म्हणजे त्यांचे वजन फारसे उतरलेले नव्हते. म्हणून काट्यावर महिन्यातून एकदाच चढा. त्याऐवजी हे बघा : जिना चढताना किती वेळा थांबावे लागते, रात्री झोप कशी लागते, चपलेचा पट्टा वाकून लावता येतो का. उतरलेच तर शंभरातले पाच किलोही साखरेला आणि रक्तदाबाला पुरेसे फरक पाडतात. बाबासाहेबांनी मधुमेह आणि पायांच्या वेदना कितीतरी वर्षे सोसल्या. त्या काळी उपाय थोडे होते, आज आपल्याला ती सबब नाही.

राहता राहिला जागेचा प्रश्न, आणि इथे आमचे बोट विहार समित्यांकडे आहे. आपल्या प्रत्येक वस्तीत विहार आहे. अंगण आहे, कुंपण आहे, नळ आहे. पण पहाटे त्याला कुलूप असते. रस्त्यावर कुत्री, अंधार, भरधाव दुचाक्या आणि नाक्यावरचे शेरे यांतून जड शरीराच्या बाईने वाट काढायची, आणि सुरक्षित सपाट अंगण मात्र बंद. चंक्रमण, म्हणजे चालत केलेले ध्यान, आपल्या परंपरेतलेच आहे. अंगुत्तर निकायात त्याचे पाच लाभ सांगितले आहेत आणि त्यांत आजार कमी होणे आणि खाल्लेले नीट पचणे हेही आहेत. मग विहाराच्या अंगणात चालणे हा विहाराचा गैरवापर कसा होईल? 14 एप्रिलच्या डीजेसाठी वर्गणी जमते, तर अंगणात एक एलईडी दिवा आणि दोन सिमेंटचे बाक बसवायला ती अवघड नाही. बाक वंदनेलाही लागतात. जमिनीवर बसता येत नाही आणि बसले तर उठता येत नाही, म्हणून वंदनेला येणे सोडलेल्या आयाबाया प्रत्येक वस्तीत आहेत. त्यांची चौकशी कोणी केली आहे का? वर्षावासात ग्रंथवाचनाला बाया जमतात, तेव्हा वाचनाआधीची दहा मिनिटे अंगणात चालण्याला आणि बाकावरून उठण्या-बसण्याला द्यावीत. वाचायला बसलेल्यांची झोपही उडते, हा अनुभव आहे.

समितीच्या येत्या बैठकीत दोन गोष्टी लिहून घ्या : सकाळी पाच ते सात आणि संध्याकाळी सहा ते आठ अंगण उघडे राहील, आणि किल्ली एका बाईकडे राहील. पुरुष पदाधिकाऱ्याच्या खिशात राहिलेली किल्ली पहाटे पाचला मिळत नाही.